सराव पाठ होतायत, पण वर्ग हातात येत नाही. नेमका सराव कशाचा करायचा?

पाटीपेन्सिल
शिक्षक-प्रशिक्षणातले सराव पाठ (शाळेत प्रत्यक्ष शिकवून बघायचे तास) सुरू होऊन तीन आठवडे झालेत. विषय गणित, इयत्ता सहावी-सातवी, तास ४० मिनिटांचा. टाचणं, म्हणजे पाठाचे लेखी आराखडे, वेळेवर तपासून मिळतात, पण शेरे ‘छान’, ‘आवाज वाढवा’, ‘फलकलेखन सुधारा’ एवढेच. तीन ठिकाणी अडतंय.

एक, निरीक्षणाच्या तासाला, म्हणजे दुसऱ्या शिक्षकांचा तास बघताना, मागे बसून काय टिपायचं ते कळत नाही. वही भरते, पण प्रत्येक पानावर तेच. दोन, पाठ एकतर २८ मिनिटांत संपतो, नाहीतर मूल्यमापन राहून जातं. तीन, समजावून सांगेपर्यंत मुलं शांत असतात, गटात काम दिलं की गलका.

अजून दोन महिने शाळेत आहे. जास्त पाठ मागून घ्यावेत की दुसरं काही करावं?

खडूधूळ
निरीक्षणाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त तास तिथेच वाया जातात.

आधी मागची जागा सोडा. मागून तुम्हाला शिक्षक दिसतो आणि मुलांच्या पाठी दिसतात. मुलं काय करतायत हे त्यांच्या चेहऱ्यांवर आणि वह्यांवर कळतं. वर्गशिक्षकांना विचारून पुढच्या बाजूला, भिंतीलगत, फळ्याच्या रेषेच्या किंचित मागे खुर्ची घ्या. पहिल्या तासाला मुलं तुमच्याकडे बघतील, तिसऱ्या तासाला विसरतील.

दुसरं, एका तासाला एकच गोष्ट बघा. चार प्रकारच्या नोंदी पुरेशा आहेत.

बैठक-आराखडा: कागदावर बाकांची चौकट काढा. शिक्षकांनी ज्या मुलाला विचारलं तिथे एक रेघ, मूल आपणहून बोललं तर टिंब, उत्तर चुकलं तर फुली. तास संपल्यावर कागद लांब धरून बघा. बहुतेक वेळा खुणा पहिल्या ओळीत आणि मधल्या रांगेत दाटलेल्या दिसतात, कडेचे बाक कोरे. हे शिक्षक पक्षपाती असतात म्हणून होत नाही. उभं राहिल्यावर नजर सरळ जिथे पडते तिथेच प्रश्न जातो, म्हणून होतं. असाच कागद तुमच्या पाठाला सहाध्यायीला भरायला द्या. तुमचा वेगळा येईल अशी आशा धरू नका.

मिनिटवार नोंद: डाव्या बाजूला १ ते ४० आकडे आणि प्रत्येकापुढे दोन-तीन शब्द. ‘शि. फळ्यावर उदा.’, ‘वह्या वाटप’, ‘मुलं सोडवतात’. वह्या वाटण्यात किती मिनिटं गेली हे बघून चकित व्हाल. तुमच्या दुसऱ्या अडचणीचं अर्धं उत्तर इथेच आहे.

सूचनांची हुबेहूब नोंद: शिक्षक काम देतात तेव्हाचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. सारांश नको. ‘गटकार्य दिले’ या नोंदीतून शिकण्यासारखं काही निघत नाही. ‘पान उघडू नका. आधी ऐका. दोघांत एक वही. सहा मिनिटं.’ यातून पुष्कळ निघतं.

बोलणं-शांतता मोजणी: वर्गातलं बोलणं मोजण्याच्या फ्लँडर्स यांच्या पद्धतीत दर ३ सेकंदांनी १० प्रकारांपैकी एक आकडा लिहितात. त्यातले ७ प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि १ शांतता किंवा गोंधळाचा. सरावाशिवाय ते झेपत नाही. तुम्ही दर १० सेकंदांनी ‘शि’, ‘वि’, ‘शां’ यांपैकी एक लिहा, १० मिनिटं. म्हणजे ६० नोंदी. त्यात ५० ‘शि’ आले तर वर्ग कशामुळे ‘शांत’ आहे तेही कळेल.

आणि शेरा लिहू नका, दिसलं ते लिहा. ‘मुले कंटाळली’ हे तुमचं मत झालं. ‘१४व्या मिनिटाला खिडकीकडच्या चौघांनी वही मिटली, तेव्हा फळ्यावर तिसरं उदाहरण चालू होतं’ ही नोंद झाली. अशा नोंदीवरून तास झाल्यावर शिक्षकांना नेमकं विचारता येतं, ‘तिसरं उदाहरण तुम्ही अर्ध्यावर सोडलंत, का?’ अनुभवी शिक्षक असे निर्णय घेतात आणि विसरतात. विचारलं तरच सांगतात. ‘तास कसा वाटला?’ असं विचाराल तर ‘चांगला’ एवढंच मिळेल.

टाचणवही
पाठ २८ मिनिटांत संपणं आणि मूल्यमापन राहणं, दोन्हीचं मूळ एकच. टाचणात तुम्ही काय बोलणार ते लिहिलेलं आहे, मुलं काय करणार आणि त्याला किती वेळ लागणार ते नाही.

फळ्यावरचं उदाहरण उतरवायला तुम्हाला एक मिनिट लागत असेल तर वर्गातल्या शेवटच्या मुलाला तीन-चार लागतात. तुम्ही सगळ्यात हुशार मुलाचा हात वर आला की पुढे जाता, म्हणून पाठ २८ मिनिटांत संपतो. शेवटच्या मुलासाठी थांबता तेव्हा मूल्यमापन राहतं. मध्यम काठी धरा: वर्गातल्या साधारण तीन-चतुर्थांश मुलांचं झालं की पुढे. ज्यांचं आधी झालं त्यांच्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात एक जादा उदाहरण तयार असलं पाहिजे, नाहीतर गलक्याची सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

४० मिनिटांची माझी विभागणी अशी: बसणं आणि वह्या ३, मागच्या ज्ञानावर प्रश्न ५, नवा भाग १०, मुलांचा सराव १४, शेवटची तपासणी ५. बेरीज ३७ होते. उरलेली ३ मिनिटं मुद्दाम कोरी ठेवायची, ती कुठेतरी जातातच. टाचणात समासात दोन खुणा करा. ज्या कृतीपुढे ‘व’ ती वेळ कमी पडल्यास वगळायची, आणि तपासणीपुढे ठळक वेळ: ‘३२ व्या मिनिटाला काहीही चालू असलं तरी थांबायचं.’ घड्याळ समोरच्या भिंतीवर नसेल तर मनगटावरचं काढून टेबलावर ठेवा. वर्गासमोर मनगट बघितलं की मुलं दप्तर भरायला लागतात.

आता उद्दिष्ट. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची बेरीज समजेल’ हे तपासता येत नाही. ‘भिन्न छेदांच्या दोन अपूर्णांकांची बेरीज ३ पैकी किमान २ उदाहरणांत बरोबर करतील’ हे येतं. उदाहरणंसुद्धा विचार करून निवडा. १/४ + १/२ मध्ये एक छेद दुसऱ्याच्या पटीत आहे. २/३ + १/५ मध्ये छेदांचा गुणाकारच करावा लागतो. ३/४ + १/६ मध्ये गुणाकार केला तर २२/२४ येतं, लसावि घेतला तर ११/१२. कोण कुठे अडकलं ते तीन उत्तरांवरूनच कळतं. तीनही एकाच साच्याची दिली असती तर फक्त बरोबर-चूक कळलं असतं.

टाचणात ज्याला हमखास जागा नसते तो भाग म्हणजे अपेक्षित चुका. १/२ + १/३ ला वर्गातून २/५ येणारच, अंश-अंश आणि छेद-छेद मिळवून. तेव्हा ‘चूक, बस खाली’ किंवा लगेच नियम सांगणं सोपं असतं. त्याऐवजी टाचणातच प्रतिप्रश्न लिहून न्या: ‘२/५ अर्ध्यापेक्षा मोठा की लहान? मग अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?’ दुसरी चूक २/६, म्हणजे छेद समान केला पण अंश तसेच ठेवले. ‘२/६ म्हणजे १/३च. मग आपला अर्धा गेला कुठे?’ यानंतर चौकटीच्या कागदावर १२ घरांची पट्टी: अर्धी म्हणजे ६ घरं, तिसरा हिस्सा ४, मिळून १०. १२ पैकी १०, म्हणजे ५/६. हे फळ्यावर काढायच्या आधी मुलांच्या वहीत काढून घ्या.

प्रत्येक पाठाला अशा दोन चुका आणि दोन प्रतिप्रश्न आधी लिहिले, तर वर्गात उभं राहून सुचण्याची वाट पाहावी लागत नाही. ऐनवेळी सहसा सुचत नाहीच.

तिसरा बाक
गटकार्यातला गलका हा शिस्तीचा प्रश्न वाटतो, पण तो सूचनांचा असतो. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांचं निरीक्षण करून १९७० मध्ये मांडलेला मुद्दा आजही लागू पडतो: वर्ग चांगला चालवणारे आणि न चालवू शकणारे शिक्षक गोंधळ झाल्यावर काय करतात यात फारसा फरक नसतो, फरक असतो तो गोंधळ होण्याआधी काय करतात यात.

काम देताना क्रम पाळा. आधी सगळ्यांच्या हातातलं खाली. मग काय करायचं, एकट्याने की दोघांनी, किती मिनिटं, झाल्यावर काय करायचं. मग एका मुलाकडून सूचना परत म्हणवून घ्या, हुशार मुलाकडून नको, मधल्या कुणाकडून. ‘सुरू’ म्हणणं आणि कागद वाटणं सगळ्यात शेवटी. कागद आधी हातात पडला की कान बंद. मग तुम्ही सूचना ओरडून सांगता आणि ‘आवाज वाढवा’ असा शेरा मिळतो. त्या शेऱ्याचा आवाजाशी काही संबंध नसतो.

‘सुरू’ म्हटल्यावर २०-३० सेकंद हलू नका. नवशिके शिक्षक लगेच हात वर केलेल्या पहिल्या मुलाकडे धावतात, त्याच्या वहीत वाकतात आणि वर्गाकडे पाठ होते. उभं राहून बघा, सगळ्यांनी पेन धरलंय का. मग फिरा. कुणाला समजावताना बाकाच्या अशा बाजूला उभे राहा की उरलेला वर्ग डोळ्यांसमोर राहील. एका मुलापाशी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको. तीन जणांची तीच शंका आली तर ती फळ्यावर घ्या.

गट चारचा करायची घाई करू नका. चारमध्ये एक लिहितो, एक सांगतो, दोघं खेळतात. पहिले पंधरा दिवस जोड्याच ठेवा. बाक हलवावे लागत नाहीत हा फायदा वेगळाच.

प्रश्न विचारतानाही हेच. आधी प्रश्न, मग थांबा, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले. थांबणं म्हणजे किमान ३ सेकंद. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबतात असं दिसलं होतं आणि ३ सेकंदांपर्यंत थांबल्यावर उत्तरं लांब व सविस्तर होत गेली, ‘माहीत नाही’ कमी झालं. तीन सेकंद उभ्या माणसाला फार मोठे वाटतात. पाठीमागे हात धरून तीन बोटं एकेक करून दाबा. उत्तर आल्यावरही तेवढंच थांबा, लगेच ‘शाब्बास’ नको. बऱ्याचदा मूल वाक्य पुढे नेतं किंवा दुसरं कुणी दुरुस्त करतं.

एक गोष्ट सगळे विसरतात. तुम्ही त्या वर्गात पाहुण्या आहात आणि मुलांना ते पक्कं माहीत असतं. दोन महिन्यांसाठी स्वतःचे नवे नियम आणू नका. वर्गशिक्षक शांततेसाठी हात वर करत असतील तर तुम्हीही हातच वर करा, टाळी नको. आणि त्यांच्याशी आधी ठरवून घ्या: तुमच्या पाठाच्या वेळी ते मागे बसतील, मध्ये बोलणार नाहीत, अगदीच गरज पडली तर कोणती खूण करतील. ते मध्येच ‘ए, गप्प बसा!’ म्हणाले की पुढचे पाच पाठ मुलं त्यांच्याकडेच बघतात.

मधली सुट्टी
वरचं सगळं मान्य, पण पाठांची संख्या बिनकामाची आहे असा सूर नको. हजेरी, वह्या, फळा पुसणं, वेळ बघणं ही कामं अंगवळणी पडेपर्यंत डोकं मुलांच्या उत्तरांकडे जातच नाही. ते अंगवळणी पडायला संख्याच लागते. पाटीपेन्सिल ताई, पाठ जरूर मागा, फक्त सुटे मागू नका. सलग मागा. एकाच तुकडीला एकच घटक ६ ते ८ तास. सुटा पाठ देऊन निघून गेलं की काल शिकवलेलं आज कितपत उरलं हे कधीच कळत नाही, आणि शिकवणं म्हणजे मुख्यतः तेच आहे. दुसरी चांगली मागणी: एकच पाठ दोन तुकड्यांना, मध्ये किमान एक तासाचं अंतर. त्या एका तासात टाचणात दोनच बदल करायचे, जास्त नाही. पाच बदल केले तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही.

पाठ मिळत नसतील तर रिकामा वेळ असा वापरा. ३०-४० वह्या घ्या आणि एका उदाहरणाच्या चार गड्ड्या करा: बरोबर, आकडेमोडीची चूक, संकल्पनेची चूक, कोरं. वीस मिनिटांचं काम आहे. तिसऱ्या गड्डीतल्या दोन मुलांना मधल्या सुट्टीनंतर वर्गशिक्षकांच्या परवानगीने दहा मिनिटं बसवून, ‘हे कसं केलंस ते मोठ्याने सांग’ एवढंच विचारा. दुरुस्त करू नका, ऐका. छेद मिळवणाऱ्या मुलाच्या डोक्यात अपूर्णांक म्हणजे वरखाली ठेवलेल्या दोन वेगळ्या संख्या असतात, हे वाचून माहीत असणं वेगळं आणि मुलाच्या तोंडून ऐकणं वेगळं. संपूर्ण पाठापेक्षा यात जास्त हाती लागतं असं माझं मत आहे. कुणाला पटो न पटो.

सूक्ष्म अध्यापनाकडेही परत जा, म्हणजे सहाध्यायींना विद्यार्थी करून एकाच कौशल्याचा छोटा पाठ घेण्याकडे. बहुतेकांच्या लेखी ते एकदा उरकून टाकायचं प्रकरण असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ते सुरू झालं तेव्हा मूळ कल्पना पुनरध्यापनाची, म्हणजे तोच पाठ सुधारून पुन्हा घेण्याची होती. आपल्याकडे रूढ असलेलं ३६ मिनिटांचं चक्र आठवा: अध्यापन ६, प्रत्याभरण (बघणाऱ्यांचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. सगळ्यात जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिलाय तो उगाच नाही, आणि घाईत सगळे तोच भाग खातात. दुसरा दोष म्हणजे विद्यार्थी झालेले सहाध्यायी फार शहाण्यासारखी उत्तरं देतात. चिठ्ठ्या करून वाटा: एकाने २/५ म्हणायचं, एकाने गप्प बसायचं, एकाने ‘हे परीक्षेला आहे का?’ विचारायचं. शिकवणाऱ्याला कोणती चिठ्ठी कुणाकडे ते सांगायचं नाही. खऱ्या वर्गात जे जमत नाही तेवढंच एक कौशल्य घ्या. तुमच्या बाबतीत ‘सूचना देणे’ किंवा ‘प्रश्नानंतर थांबणे’. सज्जता प्रवर्तन, म्हणजे सुरुवातीला मुलांना पाठासाठी तयार करणं, बहुधा जमत असेल, पहिली काही मिनिटं मुलं ऐकतायत म्हणता.

शेऱ्यांबद्दल: मार्गदर्शकांना पाठाच्या आधी एकच प्रश्न लिहून द्या. ‘मी प्रश्नानंतर किती थांबते तेवढं मोजाल का?’ मोजायला दिलं की मोजून मिळतं. पाठ झाल्यावर त्यांच्याकडे जायच्या आधी स्वतःच्या तीन ओळी लिहा: काय ठरवलं होतं, काय झालं, उद्या काय बदलणार. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या तीन ओळींत आठवण कमी आणि सबबी जास्त असतात. फोनवर आवाज मुद्रित करायचा असेल तर शाळेची परवानगी आधी, फोन स्वतःच्या खिशात, आणि मोजून झालं की पुसून टाका. ऐकताना फक्त ‘समजलं का?’ किती वेळा म्हटलंत ते मोजा. त्या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर असतं.

टाचणवही
फलकलेखन राहिलंच. फळ्याचे तीन भाग करा: डावीकडे घटक आणि नियम, ते तासभर पुसायचं नाही, मध्ये उदाहरणं, उजवीकडे कच्चं काम, ते पुसत राहायचं. टाचणाच्या मागच्या पानावर तास संपतानाचा फळा आधीच काढून बघा. तिथे मावला नाही तर फळ्यावरही मावणार नाही. खडू अखंड असला की किरकिरतो, अर्धा मोडून घ्या. ओळ वर किंवा खाली जात असेल तर हात लांबवण्याऐवजी पावलं सरकवा. अक्षर किती मोठं हवं याचं माप शोधू नका, मधल्या सुट्टीत अपूर्णांकाची एक ओळ लिहून शेवटच्या बाकावर बसून वाचा. आधी छेद वाचता येईनासा होतो.

पाटीपेन्सिल
खूप आभार. सलग सात तासांचा घटक मागितलाय आणि चिठ्ठ्यांचा प्रकार सहाध्यायींना सांगितलाय. उद्या निरीक्षणाचा तास आहे, बैठक-आराखड्यापासून सुरुवात करते. एकच शंका: वर्ग नवा आहे, नावं माहीत नाहीत. मग नोंद कुणाची म्हणून करायची?

खडूधूळ
नावं लागत नाहीत. ओळ आणि बाकाचा क्रमांक घ्या, दाराकडून मोजायला सुरुवात. दुसऱ्या ओळीतला तिसरा बाक, डावीकडचं मूल म्हणजे ‘२३डा’. दार नेहमी कागदाच्या त्याच कोपऱ्यात काढा, नाहीतर दोन दिवसांचे कागद एकमेकांवर ठेवून बघता येणार नाहीत. हजेरीच्या वेळी आराखड्यावर नावं भरत जा. तोंड न हलवता ‘हजर’ म्हणणारे दोन-चार राहतील, ते तास संपताना त्यांच्या वहीवरून घ्या. आणि रोज जागा बदलतात का ते आधी विचारून घ्या. बदलत असतील तर कागदावर तारीख आणि तास दोन्ही लिहायला विसरू नका.